साडेअकरा वाट्यांची सायकल

गिरजा लग्न होऊन कुरखेड्याकडच्या सासरी गेली, आणि त्यानंतर बरोबर अठरा दिवसांनी चिखलबोडीच्या तलावात सायकल सापडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता. पण गिरजाची आई गोकुळा पुढे जन्मभर तसंच सांगत राहिली, की लेक गेली आणि मग सायकल आली.

चिखलबोडी हे आरमोरीपासून सहा मैलांवरचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं गाव. ढिवरांची भरली घरं अकरा, आणि बारावं गोकुळाचं. तिचा नवरा चैतू नऊ वर्षांपूर्वी हिवतापाने गेला होता. आता लेकही गेली, आणि घरात गोकुळा, एक जातं आणि एक तापट कोंबडी एवढाच परिवार उरला. मुरमुरे भाजून, झिंगे सुकवून गावोगाव विकायचे हा तिचा धंदा. दिवस कसाही जायचा, पण झिंग्यांची टोपली रिकामी झाल्यावर आणि चूल पेटवायच्या आधी जो वेळ उरतो त्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. गिरजा होती तेव्हा तो वेळ तिच्याशी भांडण्यात जायचा.

गावाला मोठा तलाव होता. तो बांधणारे जमीनदार, मालगुजार, गेले तरी तलाव आपल्या जागीच राहिला. वैशाखात पाणी कमरेएवढं उतरलं की सगळी घरं मिळून एकच लांबलचक जाळं लावत, आणि जे निघेल त्याचे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारखे ढीग घालत. घरटी एक वाटा, आणि ज्या घरात पाण्यात उतरणारा पुरुष नाही त्या घराला अर्धा. हा कायदा कोणी केला ते कोणाला ठाऊक नव्हतं, पण तो सांभाळायचा केवळराम. साठीचा, लाकडासारखा वाळलेला, न हसणारा माणूस. एका वर्षी जाळ्यात एकच मरळ आली, तर त्याने तिचे साडेअकरा तुकडे केले आणि डोकं कोणाला जावं यावर दोन दिवस बैठक चालवली. तोवर डोक्याला वास सुटला. मग त्याने वासासकट ते हक्काच्या माणसाला दिलं.

सन चौपन्नच्या वैशाखात असंच जाळं लागलं आणि मध्येच जड झालं. सगळ्यांना वाटलं मोठं धूड आहे. वीस माणसं लागली ओढायला. चिखलातून आधी दोन शिंगं वर आली. इस्तारी म्हणाला की हे हरीण आहे. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला लटारू उभा होता. इस्तारी आणि लटारू शेजारी होते आणि कुंपण ओलांडून गेलेल्या एका भोपळ्याच्या वेलावरून सात वर्षं बोलत नव्हते. त्यामुळे लटारूने कोणाकडेही न बघता, नुसतं आभाळाला सांगितलं की काही लोकांना हरीण आणि रेडकू यातला फरक कळत नाही.

शिंगांमागून दोन चाकं निघाली. तेव्हा वारलू पुढे आला. वारलू दोन वर्षं वडशाच्या लाकडाच्या टालावर मजुरी करून आला होता, आणि गावात जग पाहिलेला तो एकच.

"हे सायकल हाये," तो म्हणाला. "याच्यावर बसून साहेब जाते."

"कुठी?" केवळरामाने विचारलं.

"जिथी जायचं हाये तिथी."

उत्तर बरोबर होतं, पण त्याने कोणाचंच समाधान झालं नाही.

पोलीस पाटलाने तीन गावांत दवंडी दिली. मालक म्हणून दोन माणसं आली. पहिल्याला विचारलं, तुझी सायकल तलावाच्या मधोमध कशी गेली. तो म्हणाला, चालवत नेली होती. दुसरा बराच सभ्य होता, त्याने फक्त ती काळी होती एवढंच सांगितलं. मग वारलूने परीक्षा सुचवली: खरा मालक असेल तर बसून दाखवील. तो बसला आणि पडला. पडला म्हणजे मालक नाही असं निम्मे लोक म्हणाले. पण वारलू म्हणाला की टालावरचा साहेबही एकदोनदा पडताना त्याने पाहिला होता. यावर वाद सुरू झाला, आणि वाद संपेपर्यंत तो सभ्य माणूस गुडघा चोळत निघून गेला होता.

मग केवळरामाने निकाल दिला. जाळ्यात आलं ते वाट्यात आलं. मासा असो की सायकल, वाटे साडेअकरा पडतील.

शेजारच्या गावातून लोहार आणला. दोन दिवस तो सायकल सोडवत होता. पाळीवर रिकामे ढीग मांडून केवळराम स्वतः वाटे घालत होता. लोखंडी सांगाडा त्याला आला. पुढचं चाक इस्तारीला, मागचं लटारूला. हँडल दादाजीला, सीट वारलूला, साखळी झाडूला, पायडलांची जोडी कुंताच्या घरी. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड असं बाकीच्या चार घरांत गेलं. सुटे नट-बोल्ट सगळ्यांचे म्हणून एका गाडग्यात घालून केवळरामाच्या उतरंडीवर राहिले. गोकुळाचा वाटा अर्धा. तिच्या ढिगावर घंटी आली.

लोकांनी आपापला वाटा कामाला लावला. दादाजीने हँडल आढ्याला टांगून त्यावर धोतर वाळत घातलं. झाडूने साखळीने बकरी बांधली. इस्तारीने चाक परसात उभं पुरून त्यावर वालाचा वेल चढवला, आणि वेल आऱ्यांमधून असा सुरेख फिरला की लोक बघायला येत. लटारूने लगेच आपल्याही चाकावर वेल चढवला. वारलूने सीट उखळावर बसवली आणि तो रोज जेवण झाल्यावर त्यावर बसून पान खाऊ लागला. त्या बसण्यात असा काही रुबाब होता की त्याच्या बायकोने त्याला कामं सांगणंच बंद केलं.

गोकुळाची घंटी चिखलाने भरलेली होती. तिने ती चिंचेच्या पाण्यात ठेवली, राखेने घासली, काडीने कोरून कोरून आतला गाळ काढला, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल सोडलं. आठवडाभर चूल पेटवण्याआधीचा वेळ त्यातच गेला. आठव्या दिवशी तिने अंगठ्याने कळ दाबली आणि घंटी वाजली. कोंबडी छपरावर गेली. शेजारपाजारची माणसं दारात आली आणि रस्त्याकडे बघू लागली. रस्ता रिकामा होता. थोडा वेळ बघून ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती झिंगे विकायला जाताना घंटी हातात घेऊन जाऊ लागली. ज्या गावात शिरेल तिथे घंटी वाजवायची. बायका पटापट बाहेर येत, आधी तिच्या मागे बघत, मग टोपलीत. खप वाढला. पण गोकुळाच्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. ती बुधरीला म्हणाली, "घंटी वाजली का मागून काईतरी आलं पायजे वो. माह्या मागून काईच येत नाई."

बुधरी ही तलावापलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरची, त्या लहानशा वस्तीतली, तिची मैत्रीण, मोहफुलं वेचताना झालेली. ती म्हणाली की मग जे यायला पाहिजे ते आण.

तेव्हापासून गोकुळा घरोघर फिरू लागली. सायकल एकदा जोडून बघू, एवढंच तिचं म्हणणं. दादाजी म्हणाला धोतर कुठं वाळवू. झाडूने बकरीकडे बोट दाखवलं. इस्तारी म्हणाला वाल संपल्याशिवाय चाक उपटता येणार नाही. गोकुळा वाल संपेपर्यंत थांबली. अख्खा पावसाळा, दिवाळी, पौषापर्यंत. वाल वाळला, तेव्हा इस्तारी म्हणाला की लटारूने आधी दिलं तर मी देईन. लटारूही नेमकं तेच म्हणाला. गोकुळा घरी आली, थोडं पाणी प्यायली, आणि परत जाऊन इस्तारीला म्हणाली की लटारूने साफ नाही म्हटलं, त्याच्या मते सायकल जोडूच नये. इस्तारीने तिथल्या तिथे चाक उपटून तिच्या हातात दिलं. मग लटारूकडे जाऊन इस्तारीच्या नावाने तिने हेच सांगितलं. तो चाक घेऊन तिच्याही पुढे पाळीवर जाऊन उभा राहिला.

सोमवार महादेवाचा, त्या दिवशी जाळं पाण्यात जात नसे. म्हणून सोमवार ठरला. केवळरामाने दोन अटी घातल्या. वाटा ज्याचा त्याच्या हातानेच लागेल आणि ज्याच्या त्याच्या हातानेच निघेल, आणि सूर्य बुडायच्या आत प्रत्येकाचा वाटा प्रत्येकाच्या घरी गेला पाहिजे.

पहिल्या सोमवारी सायकल जोडायला दिवस गेला. लोहार नव्हता, वारलूच्या आठवणीवर काम चाललं होतं. सीट त्याने उलटी बसवली, कारण साहेबाला तो नेहमी मागूनच बघत आला होता. सूर्य बुडायला आला तेव्हा सायकल कशीबशी उभी राहिली, सगळ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि लगेच सोडायला घेतली. घरी जाताना लोक फार खुशीत होते.

दुसऱ्या सोमवारी टायरांचा प्रश्न निघाला. रबर तलावात कुजलं होतं, आतल्या नळीचा तर पत्ताच नव्हता. वारलूने टायरांत धानाची तनस, म्हणजे पेंढा, ठासून भरली आणि वरून जाळ्याच्या दोरीने आवळली. चाक फिरू लागलं. मात्र सायकल निघाली की गावातली दोन गोऱ्ही आणि एक म्हैस तिच्या मागे चालू लागत, आणि सायकल पडली की टायर खाऊ लागत. म्हणून एक माणूस नेहमी काठी घेऊन मागे ठेवावा लागे. ब्रेक तर निघालेच नव्हते. ते काय असतात हे वारलूलाही नीटसं आठवत नव्हतं. सायकल थांबते कशी असं विचारल्यावर तो म्हणाला, बैल थांबतो तशीच, दमली की.

आळीपाळीने बसायचं ठरलं. पूर्ण वाटा असेल त्याने पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. अर्धा वाटा असेल त्याने अर्ध्या पाळीवरच्या पळसाच्या झाडापर्यंत, आणि तिथे उतरायचं. म्हणजे गोकुळाने पळसापर्यंत. पण प्रत्यक्षात पूर्ण वाट्याचं कोणीच चार हातांपलीकडे गेलं नाही. इस्तारी डावीकडे पडायचा. लटारू ते पाहून मुद्दाम उजवीकडे पडायचा. दादाजी हँडल सोडायलाच तयार नव्हता, पडल्यावरही. केवळराम एकदाही बसला नाही. तो नुसता पाळीवर बसून कोण कुठून किती गेलं ते बघत राहायचा.

गोकुळाला मात्र पाचव्या सोमवारी जमू लागलं. डोक्यावर झिंग्यांची टोपली घेऊन जन्मभर शेतांच्या धुऱ्यावरून चाललेल्या बाईला तोल शिकवावा लागत नाही. लुगड्याचा कासोटा तिने घट्ट खोचला, नजर पळसावर लावली आणि पायडल मारलं. माणसं बाजूने धावत होती, कारण आपला वाटा दुसऱ्याच्या हाती सोडून घरी बसायला कोणाचंच मन घेत नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या भागाला हात लावूनच धावायचं. त्यामुळे ती पडणं तसं अवघडच होतं.

सातव्या सोमवारी धावणारे मागे पडले. गोकुळा एकटी पुढे गेली, पळसाजवळ आली, आणि पळस मागे गेला. ती घंटी वाजवत होती, जोरजोरात, न थांबता. सायकल पाळीच्या पार टोकाला जाऊन सडकेच्या कडेला मैलाच्या दगडावर आदळून थांबली.

केवळरामाने त्याच ठिकाणी बैठक बसवली. अर्ध्या वाट्याच्या बाईने पूर्ण पाळ ओलांडली होती. असं मासळीत झालं असतं तर तिला दंड म्हणून पुढच्या खेपेचा वाटा सोडावा लागला असता. आता काय सोडायला लावावं हे ठरेना. त्याने गोकुळाला विचारलं की तुला कायदा ठाऊक नव्हता का.

गोकुळा कोपराचं रक्त पुसत उभी होती. तिला भीती वाटायला हवी होती, पण ती मागे वळून पळस किती लांब राहिला ते बघत होती.

"ठाऊक होता, केवळरामभाऊ," ती म्हणाली. "मी तं पळसापाशीच थांबून राह्यली होती. सायकल थांबली नाई. माहा वाटा घंटीचा, ते मी वाजवून राह्यली होती, सारं गाव आयकत होतं. चाकं इस्तारीभाऊ आन् लटारूभाऊची. साखळी झाडूभाऊची. त्याइनं आपापले वाटे काऊन नाई थांबवले?"

इस्तारीने लटारूकडे पाहिलं, आणि पाहिलं हे ध्यानात आल्यावर म्हशीकडे पाहिलं. केवळरामाला बाईच्या बोलण्यात खोट सापडत नव्हती. तिच्या वाट्याने आपलं काम चोख केलं होतं. पुढे गेले होते ते अकरा पूर्ण वाटे, आणि त्यांना जाण्याचा हक्क होताच. शेवटी त्याने निकाल दिला की गोकुळाची घंटी पळसापर्यंतच जाऊ शकते हे खरं, पण घंटी सायकलीला लागलेली असल्यामुळे ती सायकलीबरोबर गेली तर तो घंटीचा दोष नाही. म्हणून यापुढे तिने कितीही जावं. मात्र जाता येतं ते एकटीलाच, तेव्हा इतरांना शिकवणंही तिच्यावर आलं.

गोकुळाने मान डोलावली. पण तिचं लक्ष त्या मैलाच्या दगडाकडे होतं. त्यावर काहीतरी कोरलेलं होतं. वारलूने वाचून सांगितलं: आरमोरी, सहा.

"पुढच्यावर काय हाये?" तिने विचारलं.

"पाच."

मग तिला पाचच्या दगडाकडे जावंसं वाटू लागलं. बायकांनी विचारलं की तिथे काय आहे. ती म्हणाली, दगड. कुंता म्हणाली की दगड तर इथेही आहे. चाळीस वर्षं गोकुळा त्या रस्त्याने टोपली घेऊन गेली होती. सगळे दगड तिने पाहिले होते. पण जाण्याचं काही काम नसताना तिथे जायचं, ही गोष्ट तिने आयुष्यात कधी केली नव्हती.

त्या वर्षभरात सोमवार ही एक मोठी गोष्ट झाली. पुरुष सायकल जोडत, बायका पाळीवर चूल मांडत, कारण सोडून घरी जाऊन जेवायला आणि परत यायला वेळ नसे. बुधरी टोल्यावरच्या बायका घेऊन येऊ लागली. त्यांचा काही वाटा नव्हता, त्यांनी गोऱ्ही हाकायचं काम घेतलं. गोकुळाने कुंताला शिकवलं, कुंताने रंभाला. रंभा झाडूची बायको, आठवा महिना होता म्हणून ती नुसती स्टँडवर लावलेल्या सायकलीवर बसून पायडल मारायची, आणि तिच्या सासूच्या मते त्यामुळेच पोरगी जन्मतःच पाय झाडत आली. गोकुळा एकेक दगड पुढे सरकत होती. आकडे ती अशी शिकली, की सहापासून एकपर्यंत तिला सगळे ओळखता येत, आणि सहाच्या पुढे काही असतं हे तिला फक्त ऐकून माहीत होतं.

सन छप्पन्नच्या माघात आरमोरीला जायचं ठरलं. बाजाराचा दिवस साधला. वाटा सोडून राहायचं नाही, म्हणून सगळी साडेअकरा घरं निघाली. पुढे गोकुळा सायकलवर, दोन्ही बाजूंना भागधारक धावताहेत, मागे काठीवाल्या बायका आणि त्यांच्या मागे म्हैस. दर मैलाला थांबून तनस बदलायची. समोरून येणाऱ्या एका बैलगाडीवाल्याने गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. ते कोणाला जोडले हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आरमोरीत अडचण झाली ती अशी. बाजारात प्रत्येकाचं काम वेगळं. कोणाला मीठ हवं, कोणाला बांगड्या, दादाजीला तंबाखू. एका सायकलीने इतक्या ठिकाणी कसं जायचं. केवळराम म्हणाला, सोडा. मग बाजाराच्या तोंडाशी बसून त्यांनी सायकल सोडली आणि प्रत्येक जण आपला वाटा काखोटीला मारून आपापल्या कामाला गेला.

थोड्याच वेळात बाजारभर बातमी झाली की आज सायकलचे सुटे भाग विकायला आलेत. दादाजीच्या हँडलला दोन गिऱ्हाइकं लागली. वारलू सीट मांडीवर घेऊन चहा पीत होता, त्याच्याभोवती चार जण जमले. इस्तारीला एका माणसाने रस्त्यातच गाठलं आणि चाकाची चांगली किंमत सांगितली. एवढ्या किमतीचं काही इस्तारीकडे आजवर कोणी मागितलं नव्हतं. तो गडबडला. आजूबाजूला त्याच्या गावचा एकच माणूस होता, आणि तो मागचं चाक खांद्याला लावून गूळ घेत होता. इस्तारी त्याच्याजवळ गेला. नऊ वर्षांनी तो त्याच्याशी बोलला.

"विकू का गा?"

लटारूने गूळ खाली ठेवला. रागाने त्याचे कान लाल झाले. "तू विकशील," तो म्हणाला, "तं माहं चाक कोनाच्या मागं जाईल?"

इस्तारीने चाक विकलं नाही. दोघं एकमेकांशी अजून काहीतरी बोलले, पण गुळाच्या दुकानदाराला विचारलं तर तो एवढंच सांगे की भोपळा भोपळा असं काहीतरी चाललं होतं.

बाजाराच्या कडेला जंगू मिस्त्रीचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीचा, एकटा, अबोल माणूस. परत जाताना ही मंडळी त्याच्याच दुकानासमोर सायकल जोडायला बसली. जंगूने आयुष्यभर सायकली जोडल्या होत्या, पण बारा घरांनी मिळून, हातातलं मीठ-मिरची खाली ठेवून, एक शब्द न बोलता, आपापला भाग आपापल्या पाळीने लावलेला त्याने कधी पाहिला नव्हता. पावणेदोन तास तो उभा राहून बघत होता. मग जवळ येऊन त्याने विचारलं की याला ब्रेक का नाही.

वारलूला तेव्हा आठवलं. हो, असं काहीतरी असतं. जंगूने दुकानातून ब्रेकांची जोडी आणून दिली, फुकट, नुसती बसवून देतो म्हणाला. पण केवळरामाने हात आडवा केला. ब्रेक जाळ्यात आला नव्हता. तो कोणाच्या वाट्याला घालायचा. एकाला दिला तर त्याचे दोन होतील. बारावा पूर्ण वाटा पाडायचा तर बारावं भरलं घर पाहिजे.

"मंग मीच बारावा झालो तं?" जंगू म्हणाला.

केवळरामाने विचारलं की ढिवर आहेस का. तो नव्हता. पाण्यात उतरता येतं का. येत नव्हतं. यावर आरमोरीच्या रस्त्यावरच बैठक बसली आणि शेवटी असं ठरलं की जंगूला वाटा सायकलीत राहील, मासळीत नाही.

तेव्हापासून दर सोमवारी जंगू मिस्त्री दुकान बंद करून सहा मैल येऊ लागला. तो आपल्या सायकलवर यायचा. नवीकोरी, हिरव्या रंगाची, दिव्याची, हवेच्या टायरांची सायकल. ती तो पळसाला टेकवून ठेवायचा, पिशवीतून ब्रेक काढायचा, इतरांसारखा रांगेत उभा राहून आपली पाळी आली की लावायचा. संध्याकाळी काढून पिशवीत घालून परत जायचा. त्या हिरव्या सायकलकडे कोणी बोट दाखवलं नाही, बसायला मागितली नाही. गोकुळाला एकदा त्याने आपण होऊन दिली. ती पाळीच्या टोकापर्यंत जाऊन आली, उतरली, आणि चांगली आहे म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली की आवाजच येत नाही, आणि बाजूनं कोणी धावतही नाही, एकट्यानं कशाला जायचं अशानं.

जंगूचं बघून आणखी लोक आले. कोणाला वाटा हवा असेल त्याने एक नवा भाग आणायचा, असा नियम झाला. आरमोरीच्या एका शिंप्याने आरसा आणला. बुधरीने टोल्यावरून मोरपिसांचा झुबका आणला, आणि केवळरामाने दोन दिवस विचार करून तो भाग म्हणून मान्य केला. भामरागडकडचा एक लाकूडतोड्या पावसाळ्यात रस्ते बंद झाल्यामुळे चार महिने इकडे अडकला होता. त्याने दुसरं कॅरिअर आणलं आणि पाऊस संपल्यावरही परत जायला फार घाई केली नाही. सन अठ्ठावन्नपर्यंत साडेअकराचे साडेएकतीस झाले. सायकल इतकी जड झाली की ती जोडायला दुपार उलटायची आणि चालवणं एकट्या गोकुळालाच जमायचं, तेही उताराला.

गिरजा बाळंतपणाला माहेरी आली होती, तिने हे सगळं पाहिलं आणि आईला विचारलं की तू रोज संध्याकाळी काय करतेस. तिला आईची काळजी होती. गोकुळा म्हणाली की सोमवारची तयारी. आणि मंगळवारी? मंगळवारी सोमवारचं काय चुकलं ते बोलायला कुंता येते. बुधवारी झिंगे असतात. आता नागभीडच्या रस्त्याला लागायचं मनात आहे, तिकडचे आकडे मोठे आहेत म्हणे.

केवळरामाच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. वाटे आता तो हाताने चाचपून तपासायचा. एका सोमवारी सायकल जोडून झाल्यावर तो गोकुळाच्या जवळ आला आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला की आपला सांगाड्याचा वाटा आहे, आणि आपण एकदाही बसलो नाही.

सायकल स्टँडवर होती. गोकुळाने त्याला तशीच वर चढवली. हँडलवर त्याचे हात ठेवले, पाय पायडलांवर. मागचं चाक अधांतरी फिरू लागलं. बुधरीने मोरपिसांच्या झुबक्याने त्याच्या तोंडावर वारा घातला. केवळरामाने खांदे आवळले, मान पुढे काढली आणि दात चावून पायडल मारू लागला.

"कुठी आलो?" त्याने विचारलं.

"पाचचा दगड गेला, भाऊ."

"बैलगाडी गिडी नाई ना समोरून?"

"नाई. रस्ता मोकळा हाये."

बराच वेळ तो चालवत राहिला. गोकुळा बाजूला उभी राहून एकेक दगड सांगत होती, चार, तीन, मधला नाला, दोन. एकाच्या दगडाच्या आधी तो म्हणाला की बस, आज इथपर्यंतच, गुडघे भरून आले. इस्तारी आणि लटारूने त्याला धरून उतरवलं. तो काठी टेकत सरळ घरी गेला आणि सुनेकडे पाय धुवायला पाणी मागितलं, परगावाहून आलेला माणूस मागतो तसं. सुनेने विचारलं की कुठं गेला होता.

"आरमोरीच्या अल्याड," केवळराम म्हणाला, आणि पाय पुसत बाजेवर बसला.